ताट बदललं की मूल बदलतं का?

मुलाला ऑटिझम आहे हे कळल्यावर पहिल्या काही महिन्यांत बहुतेक आईबापांना एक सल्ला मिळतोच: "गहू आणि दूध बंद करून बघा." सल्ला देणारी कधी थेरपीच्या खोलीबाहेर बाकावर शेजारी बसलेली दुसरी आई असते, कधी नात्यातली मावशी, तर कधी तो फोनवर फिरत आलेल्या व्हिडिओतून येतो. मग साखर बंद, मैदा बंद, रंगीत गोळ्या बंद, उंटिणीचं दूध सुरू, अशी यादी वाढत जाते. रात्री उशिरा मूल झोपल्यावर आईच्या मनात एकच विचार घोळत राहतो. मी रोज हौसेने भरवते त्या दूधपोळीनेच तर हे झालं नसेल? ती बंद केली तर माझं मूल बोलायला लागेल का?

भारतात दोन ते नऊ वर्षांच्या शंभर मुलांमागे साधारण एकाला ऑटिझम असतो. म्हणजे हा प्रश्न आज लाखो घरांत विचारला जातो आहे. तो खुळचट मुळीच नाही. आहार बदलला आणि मुलाचा मेंदू वाचला, असं वैद्यकाच्या इतिहासात खरोखर घडलेलं आहे. आधी तीच हकीकत पाहू. आहाराबद्दलचा दावा पारखायचा कसा, हेही तिच्यातून समजतं.

1. बर्मिंगहॅमची मुलगी

नॉर्वेतली एक आई 1934 साली आपल्या दोन मुलांना घेऊन आस्ब्योर्न फॉलिंग या डॉक्टरांकडे गेली. मुलं जन्मली तेव्हा ठीक दिसत होती, पण पुढे त्यांची बौद्धिक वाढ खुंटली. त्यांच्या लघवीला एक कुबट वास यायचा. तो का येतो, हे ती आई अनेकांना विचारत होती आणि कुणी तिकडे लक्ष देत नव्हतं. फॉलिंग रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी ती लघवी तपासली आणि त्यातून एक नवा आजार उजेडात आला. फिनाइलकीटोन्युरिया हे त्याचं लांबलचक नाव. डॉक्टर त्याला पीकेयू म्हणतात. आपण खातो त्या प्रथिनांत फिनाइलअ‍ॅलानीन नावाचा घटक असतो. पीकेयू असलेल्या मुलाच्या शरीराला तो मोडता येत नाही. तो रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो.

पुढे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे अशी एक दोन वर्षांची मुलगी आली. तिला उभं राहता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. ती सतत रडायची, कण्हायची, डोकं आपटायची. डॉक्टरांनी तिच्यासाठी फिनाइलअ‍ॅलानीन काढून टाकलेलं खास अन्न तयार केलं. काही महिन्यांत ती रांगू लागली, उभी राहू लागली, तिचं डोकं आपटणं थांबलं.

इथे थांबून जल्लोष करता आला असता. पण हा बदल अन्नामुळेच झाला, की मुलीकडे सगळे जास्त लक्ष देऊ लागले म्हणून? डॉक्टरांनी आईला न सांगता त्या अन्नात फिनाइलअ‍ॅलानीन पुन्हा मिसळलं. सहा तासांत फरक दिसू लागला. दुसऱ्या दिवशी तर तो कुणालाही कळावा इतका उघड होता. दहा महिन्यांत कमावलेलं बरंचसं त्या मुलीने काही दिवसांत गमावलं. आज कोणतीही नीतिसमिती अशा चोरट्या प्रयोगाला परवानगी देणार नाही आणि ते योग्यच आहे. पण 1953 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणाने शंकेला जागा ठेवली नाही. पुढे नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन पीकेयू तपासण्याची पद्धत आली आणि वेळेवर आहार सुरू झालेली असंख्य मुलं सर्वसाधारण आयुष्य जगली.

या हकिगतीतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. कोणता घटक त्रास देतो ते नेमकं माहीत होतं. तो रक्तात मोजता येत होता. आणि मुलीला पाहणाऱ्या आईला ताटात काय आहे हे माहीत नसतानाही फरक दिसला.

2. गहू आणि दुधावर संशय का आला

आता ऑटिझमकडे येऊ. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. दुधात केसीन असतं; दूध नासवल्यावर पनीर म्हणून वेगळं होतं ते मुख्यतः केसीनच.

प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ समजा. पोटातले आणि आतड्यातले पाचकरस ती माळ तोडत जातात. आधी तिचे लहानमोठे तुकडे होतात, मग सुटे मणी होतात आणि ते रक्तात शोषले जातात. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. ग्लुटेन आणि केसीन यांच्या काही तुकड्यांची रचना अफूतल्या रसायनांशी थोडी मिळतीजुळती असते. प्रयोगशाळेत ते मेंदूपेशींवरच्या त्याच जागांना चिकटू शकतात जिथे मॉर्फिन चिकटतं.

याक पांकसेप या शास्त्रज्ञाने 1979 साली एक कल्पना मांडली. अफूचा अंमल असलेलं माणूस आणि ऑटिझम असलेलं मूल यांत त्याला साम्य दिसलं: दुखलेलं फारसं न जाणवणं, आपल्यातच रमणं, माणसांची ओढ कमी असणं. नॉर्वेतल्या कार्ल राइशेल्ट यांनी त्यात अन्नाची बाजू जोडली. ऑटिझम असलेल्या मुलांचं आतडं गळकं असतं, त्यातून हे अर्धवट पचलेले तुकडे रक्तात शिरतात, मेंदूपर्यंत जातात आणि मुलाला सदोदित गुंगीत ठेवतात, असा तो विचार होता. ज्या मुलाला दूध आणि बिस्किटांशिवाय दुसरं काही चालत नाही, ते मूल त्यांच्या आहारी गेलंय, असंही मग लोक म्हणू लागले.

कल्पना डौलदार होती आणि तपासता येण्यासारखी होती. रक्तात असे तुकडे फिरत असतील तर ते लघवीत उतरायला हवेत. लंडनमध्ये ऑटिझम असलेल्या 65 मुलांची लघवी अधिक अचूक यंत्रावर तपासली गेली आणि इतर मुलांच्या लघवीशी ताडून पाहिली गेली. 2008 साली त्याचा निष्कर्ष आला: अफूसारखे ते तुकडे सापडलेच नाहीत. पीकेयूमध्ये जो पाया भक्कम होता, तो इथे उभाच राहिला नाही.

3. ताट झाकून घेतलेली परीक्षा

तरी एखादा उपाय कारण न कळताही लागू पडू शकतो. म्हणून आहाराची प्रत्यक्ष परीक्षा घ्यायला हवी होती आणि ती घेतली गेली.

सुरुवातीचे निकाल आशा वाढवणारे होते. नॉर्वेमध्ये 2002 साली 20 मुलांचे दोन गट केले. वर्षभर पथ्यावर राहिलेल्या गटात जास्त सुधारणा नोंदवली गेली. डेन्मार्कमध्ये 72 मुलांवर असाच अभ्यास झाला आणि 2010 साली त्यातही काही सुधारणा दिसल्याचं प्रसिद्ध झालं. पण या दोन्ही ठिकाणी मुलाला काय खायला मिळतंय हे आईवडिलांना ठाऊक होतं. ठाऊक असणारच, स्वयंपाक तेच करत होते.

मग झाकून परीक्षा झाल्या. अमेरिकेत 2006 साली 15 मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. प्रत्येक मुलाला काही काळ पथ्याचं आणि काही काळ नेहमीचं जेवण दिलं, पण कधी कोणतं हे पालकांना सांगितलं नाही. आकड्यांत फरक दिसला नाही. तरीही बऱ्याच पालकांनी आपल्याला सुधारणा जाणवली असं सांगितलं आणि पथ्य पुढे चालू ठेवायचं ठरवलं.

सगळ्यांत काळजीपूर्वक केलेला प्रयोग न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा. तीन ते पाच वर्षांची 14 मुलं त्यात शेवटपर्यंत राहिली. सगळ्यांना आधी गहू आणि दूध पूर्ण बंद केलं आणि त्यांना जीवनसत्त्वं, कॅल्शियम, प्रथिनं कमी पडणार नाहीत यावर आहारतज्ज्ञांनी नजर ठेवली. पथ्य मुरल्यावर दर आठवड्याला एक खाऊ द्यायचा: कधी त्यात ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, कधी दोन्ही नाही. चवीला आणि दिसायला खाऊ सारखाच. घरच्यांना माहीत नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. मुलांची झोप, शौचाच्या वेळा, चंचलपणा, ऑटिझमची लक्षणं, सगळं लिहून ठेवलं. 2016 साली आलेला निकाल असा, की खाऊत काय होतं यावरून कशातही फरक पडला नाही. बर्मिंगहॅमच्या मुलीत सहा तासांत जे दिसलं, ते इथे एकाही खाऊनंतर दिसलं नाही.

चौदा हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण दिशा स्पष्ट आहे. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने 2013 साली स्पष्ट लिहिलं, की ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी ग्लुटेन-केसीन वर्ज्य करणारा आहार देऊ नये. माझंही मत तेच आहे.

4. मग आईला दिसलेला बदल खोटा का?

आईने पाहिलेलं खोटं नसतं. मूल दुपारी शांत होतं, नवीन शब्द बोललं, रात्री सलग झोपलं, हे घडलेलं असतं. प्रश्न एवढाच की ते कशामुळे घडलं.

सिक्रेटिन हा पचनाशी संबंधित एक संप्रेरक आहे. पोटाच्या तपासणीसाठी तो टोचल्यावर ऑटिझम असलेल्या तीन मुलांत सुधारणा दिसल्याचं 1998 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि हजारो पालक ते इंजेक्शन मागू लागले. पुढच्याच वर्षी 60 मुलांवर परीक्षा झाली. अर्ध्यांना सिक्रेटिन, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, आणि सारखीच सुधारली. निकाल कळल्यानंतरही 69 टक्के पालकांना सिक्रेटिनमध्ये रस होता. मला या आकड्यात पालकांचा भाबडेपणा दिसत नाही. आपलं मूल चार पावलं पुढे आलेलं ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना ते औषध सोडून देणं किती जड गेलं असेल, ते दिसतं.

मिठाचं पाणी टोचून मुलं सुधारली कशी? मुलं वाढत असतात. ऑटिझम असलेली मुलंही वाढतात, शिकतात, फक्त त्यांची चाल वेगळी असते. शिवाय उपाय आपण सगळ्यांत वाईट दिवसांत सुरू करतो. समजा, एक मूल रात्री उठून बसतं आणि आई आठवड्याला किती रात्री गेल्या ते मोजते: दोन, तीन, सहा. सहा रात्री जागल्यावर ती हतबल होऊन दूध बंद करते. पुढचे आठवडे: चार, तीन, दोन. पथ्याने गुण आला असं वाटणारच. पण दूध चालू असतानाही हा आकडा दोन-तीनच होता. सहाचा आठवडा हाच अपवाद होता आणि तो तसाही ओसरला असता.

अपेक्षाही आपलं काम करते. 1994 सालच्या एका अभ्यासात, साखर खाल्ली की आमचा मुलगा उधळतो असं सांगणाऱ्या आयांची मुलं घेतली. सगळ्या मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं, पण अर्ध्या आयांना सांगितलं की त्यात साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. त्या मुलांच्या अधिक जवळ राहिल्या आणि त्यांना अधिक टोकतही होत्या. म्हणजे बदल पाहणाऱ्याच्या वागण्यातही झाला होता.

खाण्यातल्या कृत्रिम रंगांची गोष्ट मात्र थोडी वेगळी निघाली. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला 2007 साली सर्वसाधारण मुलांवर झाकून परीक्षा झाली. काही रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने मुलांचा चंचलपणा थोडा वाढला. परिणाम लहान होता, तरी त्यानंतर युरोपात त्या रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणं सक्तीचं झालं. भडक रंगाचं सरबत आणि गोळ्या कमी केल्याने कोणत्याच मुलाचं काही बिघडत नाही, म्हणून ते खुशाल करावं. त्याने ऑटिझम जाईल ही आशा मात्र धरू नये.

5. पोट दुखतंय हे सांगता न येणारं मूल

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की खाण्यापिण्याचा आणि ऑटिझम असलेल्या मुलाच्या वागण्याचा काही संबंधच नाही. तसं अजिबात नाही. संबंध मोठा आहे, पण तो आतड्यातून मेंदूत जाणाऱ्या अफूचा नाही. तो साध्या दुखण्याचा आहे.

ऑटिझम असलेल्या मुलांत पोटाच्या तक्रारी इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. 2014 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हे प्रमाण चौपटीच्या आसपास निघालं. त्यात बद्धकोष्ठ, जुलाब आणि पोटदुखी या मुख्य. आता असं मूल डोळ्यांसमोर आणा, ज्याला शब्द नाहीत, किंवा शब्द आहेत पण आतून येणारी दुखण्याची जाणीव त्याला नीट ओळखता येत नाही. चार दिवस शौचाला झालेलं नाही, पोटात कळ येते. ते काय करेल? टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभं राहील. जमिनीवर उपडं पडून राहील. जेवता जेवता उठून पळेल. छातीत जळजळत असेल तर सारखं गिळल्यासारखं करेल, हनुवटी वर ताणेल, रात्री झोपेतून किंचाळत उठेल. स्वतःच्या हाताला चावेल, जवळ येणाऱ्याला मारेल. आणि आपण म्हणू, "हल्ली फार आक्रमक झालाय."

2010 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने हेच ठासून सांगितलं: बोलू न शकणाऱ्या मुलाच्या वागण्यात अचानक बदल झाला तर पोटाची तपासणी इतर मुलांइतक्याच गांभीर्याने व्हायला हवी. "ऑटिझममुळेच करतोय" असं म्हणून ती टाळता कामा नये. दात किडणं आणि कान दुखणं यांनाही हेच लागू आहे.

दूध बंद केल्यावर काही मुलांत खरोखर फरक पडतो, त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे. सिसिलीत 1998 साली जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या 65 लहान मुलांवर प्रयोग झाला. ऑटिझमशी त्याचा संबंध नव्हता. काही आठवडे गाईचं दूध, काही आठवडे सोयाचं दूध, तेही झाकून. सोयाच्या दुधावर असताना 44 मुलांचं पोट सुधारलं. काहींना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नव्हतं. अशा मुलाला ऑटिझमही असेल, तर दूध थांबवल्यावर पोट मोकळं होईल, दुखणं थांबेल, झोप लागेल, चिडचिड कमी होईल. आईला मूल बदललेलं दिसेल, आणि ते बदललेलं असेलही. पण त्याचा ऑटिझम तेवढाच आहे, गेलं ते पोटाचं दुखणं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सर्रास दिसते. मूल जेवत नाही, म्हणून त्याला दिवसभर दूध पाजलं जातं, तीन-तीन वर्षांचं होईपर्यंत बाटलीनेही. दुधात लोह जवळजवळ नसतं. पोट दुधानेच भरलं की डाळ, पालेभाजी, अंडं, यांपैकी काही पोटात जात नाही. रक्त कमी होतं. लोह कमी झालेलं मूल चिडचिडं होतं, त्याची झोप अस्वस्थ असते, काही मुलं माती किंवा भिंतीचे पोपडे खाऊ लागतात. इथे दूध मोजकं करणं आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लोह देणं हा खरा इलाज आहे. दूध सगळं बंद करायची गरजच नसते.

दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. केसीन हे दुधातलं प्रथिन, तर लॅक्टोज ही दुधातली साखर. लॅक्टोज न पचणाऱ्या मुलाला दुधाने गॅस आणि जुलाब होतात, पण दही-ताक बहुतेक वेळा चालून जातं. तसंच गव्हाचं. सीलिअ‍ॅक नावाच्या आजारात ग्लुटेनमुळे आतड्याला खरोखर इजा होते. उत्तर भारताच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात तो शंभरात एकाच्या घरात आहे. त्या मुलाला गहू जन्मभर वर्ज्य. पण त्याची रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच करावी लागते. आधी पथ्य सुरू केलं आणि मग तपासलं, तर आजार असूनही तपासणीत तो दिसणार नाही. म्हणून गहू थांबवण्याआधी रक्त तपासून घ्या.

6. आधीच लहान असलेलं ताट

लिओ कॅनर यांनी 1943 साली ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या 11 मुलांपैकी बऱ्याच जणांच्या खाण्याच्या अडचणी त्यांनी नोंदवल्या होत्या. आज मोठ्या पाहण्या सांगतात, की ऑटिझम असलेल्या दहांपैकी सुमारे सात मुलांच्या खाण्याच्या सवयी वेगळ्या असतात. इतर मुलांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे.

आपल्या घरात हे कसं दिसतं? मऊ भात चालतो, पण वरणात मोहरीचा एक दाणा दिसला की ताट दूर लोटलं जातं. कोथिंबीर तर पाहायलाही नको. भाजीचा रस पोळीला लागला, तर ती पोळी बाद. एकाच कंपनीचं, एकाच रंगाच्या पुड्यातलं बिस्किट हवं. कंपनीने पुडा बदलला की बिस्किटही बंद. याला लोक हट्ट म्हणतात आणि आईला लाडावलंस म्हणून बोल लावतात. ते फार अन्यायाचं आहे. या मुलांना चव, वास, स्पर्श आणि दातांखालचा आवाज आपल्यापेक्षा वेगळ्या तीव्रतेने जाणवतो. आपल्याला शिजलेली भेंडी नुसती बुळबुळीत लागते, त्यांना ती असह्य होते. पुड्यातलं बिस्किट मात्र दर वेळी अगदी तसंच असतं, म्हणून ते भरवशाचं.

आतड्यातल्या जिवाणूंबद्दल सध्या बरंच बोललं जातं. ऑस्ट्रेलियात 247 मुलांचा अभ्यास झाला, त्यांतल्या 99 जणांना ऑटिझम होता. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून दिसलं, की ऑटिझम असलेली मुलं मोजकेच पदार्थ खातात, आणि खाण्यात विविधता नसली की आतड्यातल्या जिवाणूंतही विविधता राहत नाही. जिवाणू बिघडले म्हणून ऑटिझम झाला, असा जो क्रम सांगितला जातो, तो या निष्कर्षाने उलटा केला.

आता या मुलाच्या ताटातून गहू आणि दूध काढा. जे मूल पोळी, दूध, भात आणि ते एक बिस्किट एवढ्यावरच जगतं, त्याच्या ताटात उरतं काय? फारच थोडे पदार्थ खाणाऱ्या ऑटिझमच्या मुलांत क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याची आणि अ जीवनसत्त्वाअभावी डोळ्यांना इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. स्कर्व्हीचं मूल पाय दुखतात म्हणून चालेनासं होतं, आणि सांगता येत नसल्याने निदानाला वेळ जातो.

माझं सांगणं आहे ते इथे. अशा मुलाच्या बाबतीत पहिला विचार काय काढायचं याचा नसावा. ताटात काय वाढवता येईल, याचा असावा. आणि ते फार सावकाश करावं लागतं. पांढरा भात खाणाऱ्या मुलाला त्यावर तुपाचा थेंब, मग चमचाभर गाळलेलं वरणाचं पाणी, मग तेच थोडं दाट. फोडणी खूप नंतर. नवा पदार्थ आधी नुसता शेजारच्या वाटीत ठेवायचा. खाण्याची सक्ती नाही, हात लावला तरी पुरे. जबरदस्तीने तोंडात कोंबणं पूर्ण वर्ज्य. आवडत्या पदार्थात नावडता पदार्थ लपवणंही धोक्याचं. एकदा का दुधात मिसळलेली पावडर त्याला कळली, तर ते दूधही हातचं जातं. गिळतानाच घास अडकत असेल, ठसका लागत असेल किंवा वजन घटत असेल, तर घरी प्रयोग न करता ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि बालरोगतज्ज्ञ यांना आधी दाखवावं.

7. दूध गेलं, तर त्याच्या जागी काय?

भाकरी खाणाऱ्या मराठी घराला गहू सोडणं तितकं अवघड नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा, कशातच ग्लुटेन नाही. उकडीचे मोदकही चालतात. गहू सापडतो तो अनपेक्षित जागी: रव्यात, शेवयांत, थालिपिठाच्या भाजणीत आणि बांधणी हिंगातसुद्धा, कारण त्यात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते.

दुधाची भरपाई मात्र कठीण आहे. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 550 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन कप म्हणजे 400 मिलिलिटर दुधातून साधारण 480 मिलिग्रॅम मिळतं. दूध गेलं, समजा. 40 ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी दिली तर सुमारे 140 मिलिग्रॅम, आणि 10 ग्रॅम तिळाच्या चटणीतून सव्वाशेच्या आसपास. दोन्ही मिळून 265. म्हणजे गेलं त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त, आणि नाचणी-तिळातलं कॅल्शियम शरीर दुधाइतक्या सहज शोषत नाही. शिवाय मोहरीचा दाणा न सोसणारं मूल तिळाची चटणी खाईल, असं आपण मोकळेपणी गृहीत धरलं आहे.

ही भीती हवेतली नाही. अमेरिकेत चार ते आठ वर्षांच्या 75 मुलग्यांच्या हातांच्या हाडांची जाडी मोजली गेली. ऑटिझम असलेल्यांची हाडं अपेक्षेपेक्षा पातळ होती, आणि केसीन वर्ज्य केलेल्यांची सर्वांत पातळ. शाकाहारी घरात तर आणखी एक अडचण: बी-12 हे जीवनसत्त्व अशा मुलाला दूध, दही, ताक यांतूनच मिळतं. ते कमी पडलं तर मेंदूवर आणि मज्जातंतूंवर थेट परिणाम होतो. मेंदूच्या भल्यासाठी दूध बंद करायचं आणि मेंदूला लागणारं जीवनसत्त्वच तोडायचं, ही चूक कुणाकडूनही होऊ नये.

पैशाचा आणि माणसांचा हिशेबही असतो. ग्लुटेन नसलेली तयार बिस्किटं नेहमीच्यापेक्षा कितीतरी महाग पडतात. वाढदिवसाला सगळी मुलं केक खातात आणि आपलं मूल बाजूला बसतं. आजीने कळवळून हातावर पेढा ठेवला की घरात वाद होतो. आधीच थकलेल्या आईवर ही आणखी एक चौकी येते.

8. तरीही करून पाहायचं असेल तर

पोटाच्या तक्रारी स्पष्ट असतील, डॉक्टरांनाही शंका असेल, तर एखादा पदार्थ ठरावीक मुदतीसाठी थांबवून पाहणं रास्त आहे. फक्त ते शिस्तीने करावं.

आधी बालरोगतज्ज्ञांकडून सीलिअ‍ॅक, रक्तातलं लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं आणि बद्धकोष्ठ असेल तर त्यावर उपचार करावा. पुष्कळदा इथेच प्रश्न सुटतो. मग एका वेळी एकच पदार्थ. दूध आणि गहू एकदम थांबवले, तर गुण आला तरी कशाने आला ते कळणार नाही. त्याच महिन्यात नवी थेरपी, नवी शाळा किंवा नवं औषध सुरू करू नये.

मोजायचं काय, ते आधी ठरवावं. "बरा वाटतो" हे मोजता येत नाही. आठवड्यात शौचाला किती दिवस झालं, रात्री किती वेळा उठला, स्वतःला किती वेळा मारलं, हे मोजता येतं. पथ्याआधी निदान दोन आठवडे या नोंदी वहीत हव्यात, नाहीतर तुलना कशाशी करणार? शाळेतल्या बाई किंवा थेरपिस्ट यांनाही असंच एक कोष्टक द्यावं, आणि शाळेच्या डब्यावरून पथ्य उघड होत नसेल तर ते कधी सुरू केलं हे त्यांना सांगू नये. घरच्या घरी ताट झाकण्याचा हाच एक सोपा मार्ग आहे. अ‍ॅलर्जी असणाऱ्या मुलाबाबत मात्र शाळेला सगळं सांगणं आवश्यक, तिथे हा प्रयोग करायचा नाही.

सहा ते आठ आठवडे पुरेत. त्यानंतर थांबवलेला पदार्थ परत सुरू करायचा, आणि ही पायरी बहुतेक घरांत राहून जाते. थोडं बरं वाटलं की भीतीपोटी कुणी परत देऊन पाहत नाही आणि मूल वर्षानुवर्षं विनाकारण पथ्यावर राहतं. आधी कधी अंगावर गांधी उठल्या असतील, सूज किंवा श्वासाचा त्रास झाला असेल, तर हे फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. इतरांनी थोडं थोडं दूध परत द्यावं, वहीतल्या नोंदी आणखी दोन आठवडे तशाच ठेवाव्यात आणि शाळेच्या कोष्टकाशी ताडून पाहाव्यात. आकडे पुन्हा बिघडले, तर आहारतज्ज्ञांना बरोबर घेऊन पथ्य पुढे न्यावं. जागचे हलले नाहीत, तर दूध चालू ठेवावं.